मोबाइल करार आणि पतअहवाल : युनायटेड किंग्डम

युनायटेड किंग्डममध्ये मासिक बिलावर मोबाइल सेवा घेणाऱ्या ग्राहकाचा दूरसंचार कंपनीशी झालेला करार बँकेचे कर्ज, क्रेडिट कार्ड आणि गृहकर्ज यांच्याच पंक्तीला त्याच्या वैयक्तिक पतअहवालात नोंदला जातो. एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्या तेथील पतमाहिती जमा करतात. मात्र प्रत्येक दूरसंचार कंपनी तिघींनाही माहिती पुरवतेच असे नाही. त्यामुळे एकाच करारासंबंधी तीन अहवालांत तीन वेगळी चित्रे दिसू शकतात, आणि एकच अहवाल पाहून निश्चिंत होणे योग्य ठरत नाही. आगाऊ पैसे भरून वापरल्या जाणाऱ्या सिमकार्डात उधारीचा प्रश्नच नसल्याने त्याची नोंद होत नाही. याउलट, फोन न घेता केवळ सिमकार्डापुरता केलेला मासिक करार नोंदला जाऊ शकतो, कारण आधी सेवा आणि मागाहून पैसे हे उधारीचे स्वरूप तेथेही असते.

नोंदीची सुरुवात अर्जापासूनच होते. अर्ज आल्यावर कंपनी अर्जदाराची पत तपासते आणि ती तपासणी अहवालात इतर सावकारांनाही दिसते. थोड्या दिवसांत चार-पाच कंपन्यांकडे अर्ज केल्यास पैशांची निकड असल्याचा समज होऊ शकतो. अर्जापूर्वी केवळ पात्रता अजमावण्यासाठी होणारी सौम्य तपासणी मात्र अर्जदाराखेरीज इतर सावकारांना दिसत नाही. करार झाल्यावर खाते उघडल्याची तारीख, देय रक्कम आणि महिन्यामहिन्याची परतफेडीची स्थिती नोंदली जाते. एक्सपिरियनच्या अहवालात शून्य हा आकडा वेळेवर भरणा झाल्याचे दाखवतो, १ म्हणजे एका महिन्याची थकबाकी, २ म्हणजे दोन महिन्यांची, अशी ही चढती मांडणी असून ८ या आकड्याने डिफॉल्ट, म्हणजे पैसे थकवून करार मोडल्याची गंभीर नोंद, दर्शवला जातो.

अनेक कंपन्या आता फोनची किंमत आणि सेवेचे शुल्क यांचे दोन स्वतंत्र करार करतात; ओटू या कंपनीने २०१३ मध्ये अशी योजना आणली. अशा वेळी ग्राहकाला एकच खरेदी केल्यासारखे वाटत असले, तरी अहवालात दोन खाती दिसू शकतात : फोनच्या हप्त्यांचे खाते दरमहा घटत जाते, तर सेवेच्या खात्यावर मासिक बिलाएवढीच रक्कम असते. फोनची किंमत मुदतीआधी फेडून टाकली तरी सेवेचे खाते चालूच राहते, हे लक्षात न आल्याने पुढील बिले थकू शकतात.

करार ज्याच्या नावावर असतो, नोंद त्याच्याच अहवालात पडते. मुलासाठी, मित्रासाठी किंवा नातेवाइकासाठी आपल्या नावावर फोन घेतला आणि वापरणाऱ्याने पैसे देणे थांबवले, तर त्याचा डाग सही करणाऱ्याच्या पतअहवालावर राहतो. वापर कोण करत होते, याला अहवालात स्थान नाही.

सर्वांत सहज टाळता येण्याजोगे नुकसान करार संपताना होते. २०१९च्या जुलैपासून तेथील ग्राहकाला ६५०७५ या क्रमांकावर ‘पीएसी’ असा संदेश पाठवून हस्तांतरणाचा सांकेतिक क्रमांक मिळवता येतो. तो नव्या कंपनीला दिला की जुना मोबाइल क्रमांक तिकडे जातो आणि जुनी सेवा बंद होते. परंतु शेवटचे बिल त्यानंतर येते. तोवर ग्राहकाने बँकेतील डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून बिल आपोआप वळते होण्याची सोय, रद्द केलेले असते, कदाचित घरही बदललेले असते, आणि स्मरणपत्रे जुन्या पत्त्यावर पडून राहतात. अशा रीतीने वीस-पंचवीस पौंडांच्या बिलापायी, वर्षानुवर्षे एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाच्या अहवालात डिफॉल्ट येऊ शकतो. रक्कम किती लहान होती याचा विचार काही सावकार करतात, पण सर्वच करतात असे नाही. गृहकर्जाच्या वेळी एवढ्याशा रकमेसाठी कुटुंबाला ताटकळावे लागणे, हा या व्यवस्थेचा फार कठोर भाग म्हटला पाहिजे. म्हणून शेवटचे बिल फिटल्याची खात्री होईपर्यंत डायरेक्ट डेबिट चालू ठेवणे आणि नवा पत्ता जुन्या कंपनीलाही कळवणे आवश्यक असते.

माहिती आयुक्त कार्यालय या तेथील वैयक्तिक माहिती-संरक्षणाच्या नियामक संस्थेच्या सल्ल्याने पतव्यवसायाने आखलेल्या तत्त्वांनुसार, साधारणतः तीन ते सहा महिन्यांची थकबाकी झाल्यावर डिफॉल्ट नोंदवला जातो आणि त्यापूर्वी किमान २८ दिवसांची सूचना देणे अपेक्षित असते. या मुदतीत थकबाकी भरल्यास डिफॉल्ट टळतो. उशिराच्या भरण्याच्या खुणा मात्र राहतात. डिफॉल्टची नोंद त्याच्या तारखेपासून सहा वर्षे राहते. नंतर पैसे भरल्यास खाते फेडल्याचा शेरा येतो, परंतु नोंद लवकर पुसली जात नाही. कंपनीने येणे वसुली कंपनीला विकले तरी मूळ तारीख बदलता कामा नये, आणि सहा वर्षांची मोजणी नव्याने सुरू होत नाही. सुरळीत फेडून बंद केलेले खातेही सहा वर्षे दिसते. ते ग्राहकाच्या हिताचेच असते. विशेषतः कर्ज किंवा कार्ड कधीच न घेतलेल्या तरुणाच्या बाबतीत मोबाइल करार हा परतफेडीच्या सवयीचा पहिला पुरावा ठरू शकतो.

२०१८च्या मे महिन्यापासून तिन्ही पतमाहिती कंपन्यांकडून वैधानिक अहवाल, म्हणजे कायद्याने मागता येणारा आपला पतअहवाल, विनाशुल्क मिळतो. त्याआधी त्यासाठी दोन पौंड द्यावे लागत. नोंद चुकीची असल्यास दूरसंचार कंपनीकडे किंवा पतमाहिती कंपनीकडे हरकत घेता येते. पतमाहिती कंपनी त्या नोंदीबाबत मूळ कंपनीकडे विचारणा करते आणि पतमाहिती कंपनीला ग्राहकास २८ दिवसांत उत्तर द्यावे लागते. दुरुस्ती नाकारली गेल्यास ग्राहकाला आपले म्हणणे २०० शब्दांपर्यंत लिहून अहवालास जोडता येते. दुसऱ्याच कोणी आपल्या नावावर फोन घेतला असेल, तर तक्रारीबरोबरच सिफास या फसवणूक-प्रतिबंधक संस्थेकडे संरक्षक नोंद करता येते. ती दोन वर्षे टिकते आणि त्या काळात आपल्या नावाने येणाऱ्या अर्जांची सिफासच्या सदस्य कंपन्या अधिक काटेकोर छाननी करतात.