कोयनेला १,९६० मेगावॉट कशासाठी?

महाराष्ट्राच्या वीजनिर्मिती क्षमतेचा तक्ता उघडला की नजर आधी कोळशावर जाते, आणि ते बरोबरच आहे. जवळपास निम्मी क्षमता कोळशाची; एकट्या तिरोड्याची ३,३०० मेगावॉट, चंद्रपूरची २,९२०. सौर आता १०,००० मेगावॉटच्या पुढे गेली आहे, पवन ५,००० च्या वर. तारापूरची अणुवीज १,४००, पण तीही सगळी आपली नाही, गुजरातचाही तिच्यात वाटा आहे. हे आकडे एकाखाली एक मांडून बेरीज करता येते. मात्र त्या बेरजेवरून राज्याला वीज पुरेल की नाही, हे कळत नाही.

कारण मेगावॉट सांगतो की यंत्र जास्तीत जास्त किती जोर लावू शकतं. प्रत्यक्षात किती वीज मिळाली ते युनिटमध्ये मोजायचं. पुण्यात गच्चीवर एक किलोवॉटची सौर पॅनेल बसवली तर वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात. चोवीस तास पूर्ण जोराने चालली असती तर चोवीस मिळाली असती. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांचा खरा हंगाम पावसाळा. अणुभट्टी मात्र एकदा सुरू झाली की रात्रंदिवस जवळजवळ एकाच पातळीवर चालते. म्हणजे तक्त्यातला प्रत्येक मेगावॉट वेगळ्या वकुबाचा.

सगळ्यात मजेशीर कोयना. क्षमता १,९६० मेगावॉट. पण विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने मर्यादा घातली आहे, वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट). तेवढ्या पाण्यात ही जनित्रं वर्षभर चालवायची म्हटली तर क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच वीज निघते. मग १९९९ मध्ये लेक टॅपिंग करून, म्हणजे खालून बोगदा नेऊन भरल्या जलाशयाच्या तळाला त्याचं तोंड फोडून, आणखी १,००० मेगावॉटचा चौथा टप्पा कशाला जोडला? पाणी तर वाढणार नव्हतं. उत्तर असं, की तेच पाणी कमी वेळात, हव्या त्या तासाला वापरता यावं म्हणून. औष्णिक केंद्राचा थंड पडलेला बॉयलर तापवून वीज सुरू करायला कित्येक तास लागतात, कोयनेचं जनित्र काही मिनिटांत जोर धरतं. संध्याकाळी घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात तेव्हा ते कामाला येतं. माझ्या मते राज्याच्या वीजव्यवस्थेतला हा सगळ्यात दूरदर्शी निर्णय होता. सौरऊर्जेचं नावही फारसं कोणी घेत नव्हतं तेव्हाचा.

आज ते संध्याकाळचे तास जास्तच अडचणीचे झाले आहेत. दुपारी सौर वीज भरभरून येते, म्हणून कोळशाच्या संचांना मागे सरावं लागतं. पण फार मागे सरता येत नाही; साधारण ५५ टक्क्यांच्या खाली गेलं की भट्टीतली आच स्थिर ठेवणं अवघड होतं. सूर्य कलला की तेच संच पुन्हा वर चढवायचे, आणि नेमकी तेव्हाच मागणी वाढते.

पुणे जिल्ह्याकडे या प्रश्नाचं जुनं उत्तर आहे. लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकरवाडी, मुळशी ही टाटांची धरणं घाटमाथ्यावर, वीजघरं खाली कोकणात: खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. उंचीचा फरक सुमारे ५०० मीटर. एवढ्या उंचीवरून पुण्यातल्या सोसायट्यांना येतो तसा दहा हजार लिटरचा टँकर खाली सोडला, तर बाराएक युनिट वीज मिळेल. फार नाही, म्हणून धरणं भरून पाणी लागतं. ते पाणी पश्चिमेला जातं आणि वीज मुंबईला, हे पुणेकरांचं जुनं दुखणं. मुळशीची जमीन गेली तेव्हा सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, ते तर त्याहून जुनं.

आता याच घाटात पाणी उलटं चढवायचा विचार आहे. दुपारच्या स्वस्त सौर विजेने ते वर उपसायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं. भिऱ्याला १५० मेगावॉटचा असा संच आहे, भंडारदऱ्याजवळ घाटघरला २५० मेगावॉटचा. शिरवत्याला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॉटचे प्रकल्प उभारण्यासाठी टाटा पॉवरने २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केला. उपसायला लागलेल्या शंभर युनिटांपैकी पंचाहत्तर-ऐंशीच परत मिळतात, म्हणजे असं केंद्र वीज बनवण्यापेक्षा खातं जास्त. तरी घाटघर आजही निर्मिती क्षमतेच्या तक्त्यात, जलविद्युतच्या रकान्यातच मोजलं जातं.