अटक झालेला मुलगा 18 वर्षांखालचा असेल तर: वयाचा दावा कसा करायचा, कागदपत्रे कोणती

मुलाला पोलिसांनी नेलं की घरचे आधी जामिनासाठी धावतात. एकाने तेव्हाच वयाचा पुरावा आणायला शाळेत जावं. घटनेच्या दिवशी त्याला 18 पूर्ण नसतील, तर बाल न्याय अधिनियम 2015 नुसार त्याला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे (मुलांवरच्या गुन्ह्यांच्या आरोपांची प्रकरणं पाहणारं मंडळ) हजर करावंच लागतं. इथे घटनेच्या दिवशीचं वय धरतात, अटकेच्या दिवशीचं नाही. आज तो 19 चा असला तरी दावा करता येतो.

वयाच्या पुराव्यांचा क्रम याच अधिनियमाच्या कलम 94 मध्ये ठरलेला आहे. पहिला मान शाळेने दिलेल्या जन्मतारखेच्या प्रमाणपत्राला किंवा दहावीच्या मंडळाच्या प्रमाणपत्राला. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तेव्हाच वय ठरवण्यासाठी हाडांची तपासणी, आणि तीही आदेशापासून 15 दिवसांत पूर्ण व्हायला हवी. नुसत्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये असा दाखला अपुरा ठरवला होता. मुख्याध्यापकांकडून जन्मतारखेचं प्रमाणपत्र आणि जनरल रजिस्टरचा (शाळेची प्रवेश नोंदवही) साक्षांकित उतारा, दोन्ही घ्या. आधार कार्डही जन्मतारखेचा पुरावा धरलं जात नाही. आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र तर कलम 9 ने स्पष्टच वगळलंय. बरेच जण नेमके हेच दोन कागद घेऊन येतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

पोलिसांच्या कागदावर अंदाजाने 'वय 19' लिहिलं गेलं आणि मुलाला थेट नेहमीच्या न्यायालयात नेलं, तर तिथेच लेखी अर्ज द्या. त्यात गुन्हा क्रमांक, घटनेची तारीख, मुलाची जन्मतारीख लिहा आणि सोबत वरचे कागद जोडा. न्यायालयाला चौकशी करून वय नोंदवावंच लागतं. घटनेच्या दिवशी 18 खालचा ठरला की प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. चौकशी सुरू असताना ताब्यात ठेवायची गरज पडलीच, तर सुरक्षित स्थानी ठेवता येतं. मंडळापुढे जामिनाचा नियमही वेगळा आहे: गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन हाच नियम; सुटकेने मूल धोक्यात येईल, गुन्हेगारांच्या संगतीत जाईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असं वाटलं तरच नकार, आणि त्याची कारणं लेखी द्यावी लागतात.

हा दावा कोणत्याही टप्प्यावर, अगदी निकाल लागून गेल्यावरही करता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.