जॉन्सन, ओमोबोला

(२८ जून १९६३ – ). नायजेरियाच्या पहिल्या संपर्क तंत्रज्ञान मंत्री. जुलै २०११ ते मे २०१५ या काळात, अध्यक्ष गुडलक जोनाथन यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी हे खाते सांभाळले. मँचेस्टर विद्यापीठातून विद्युत व इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीची पदवी, लंडनच्या किंग्ज कॉलेजातून डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये एमएससी आणि पुढे क्रॅनफिल्ड विद्यापीठाची व्यवसाय प्रशासनातील डॉक्टरेट असे त्यांचे शिक्षण.

शिक्षणाने अभियंता असल्या, तरी त्यांची उमेदीची वर्षे यंत्रांपाशी गेली नाहीत. १९८५ पासून सुमारे पंचवीस वर्षे त्या अ‍ॅक्सेंचर या (पूर्वी अँडरसन कन्सल्टिंग) सल्लागार कंपनीत होत्या आणि २००५ मध्ये तिच्या नायजेरिया शाखेच्या प्रमुख झाल्या. उद्योग व प्रशासनातील स्त्रियांसाठी काम करणाऱ्या विंबिझ या संस्थेच्या त्या संस्थापक-अध्यक्ष होत. मंत्री म्हणून त्यांची जी कार्यपद्धती दिसते (आधी मोजणी, मग आराखडा, मग मुदतीसह उद्दिष्ट) ती प्रयोगशाळेपेक्षा या सल्लागारीतून आलेली आहे.

नायजेरियात मंत्र्यांची नावे राष्ट्राध्यक्ष सुचवतात व सिनेट त्यांना मान्यता देते. निवडून येण्याची अट नाही. त्यामुळे खासगी क्षेत्रातील व्यक्ती थेट मंत्रिपदी येऊ शकते. जॉन्सन यांचे खातेही नवेच होते. माहिती व संपर्क या जुन्या खात्यातून ते वेगळे काढण्यात आले. टपाल, उपग्रह कंपनी आणि माहिती तंत्रज्ञान विकास संस्था त्याच्या कक्षेत आल्या. नायजेरियाचा पहिला संपर्क उपग्रह २००८ मध्ये वीजपुरवठ्यातील बिघाडाने निकामी झाला होता. त्याच्या जागी नायकॉमसॅट-१आर हा उपग्रह डिसेंबर २०११ मध्ये चीनमधून अवकाशात गेला.

खरा पेच मात्र जमिनीवर होता. २००१ मध्ये मोबाइल सेवा सुरू झाल्यानंतर दशकभरात फोन घरोघरी पोचला. (त्यातील एक मोठे जाळे एअरटेलने २०१० मध्ये झेन कंपनीकडून घेतले.) लागोसच्या किनाऱ्याला मेनवन, ग्लो-१ अशा समुद्राखालील केबलीही येऊन लागल्या होत्या. म्हणजे इंटरनेट समुद्रापर्यंत मुबलक होते, पण किनाऱ्यापासून आत, उत्तरेतील कानो-मैदुगुरी या शहरांकडे नेणारे जाळे अपुरे होते. मोबाइलचे मनोरे डिझेल जनित्रांवर चालत. सप्टेंबर २०१२ मध्ये तर बोको हराम या दहशतवादी संघटनेने उत्तरेतील अनेक मनोऱ्यांवर हल्ले केले.

दूरसंचार नियामक आयोगाचे माजी प्रमुख एर्नेस्ट न्डुक्वे व बँक-उद्योजक जिम ओविया यांच्या सहअध्यक्षतेखालील समितीने तयार केलेला राष्ट्रीय ब्रॉडबँड आराखडा २०१३ मध्ये जाहीर झाला. ब्रॉडबँडचा प्रसार त्या वेळच्या सुमारे ६ टक्क्यांवरून २०१८ पर्यंत ३० टक्क्यांवर नेणे हे त्याचे उद्दिष्ट होते. अडचण पैशाइतकीच अधिकारांची होती. केबल टाकायची तर रस्ता खोदावा लागतो आणि खोदाईची परवानगी देताना राज्य सरकारे आपापल्या मर्जीने शुल्क आकारत. कंपन्यांच्या दृष्टीने केबलीपेक्षा ही परवानगीच महाग पडे. २०१३ मध्ये राज्यपालांच्या सहभागाने दर मीटरला १४५ नायरा (नायजेरियाचे चलन) असा समान दर ठरला, पण अनेक राज्यांनी तो पाळला नाही. केंद्रातील मंत्र्याकडे त्यांना भाग पाडण्याचे साधन नव्हते. जॉन्सन यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना ही मर्यादा बाजूला ठेवली, तर आराखडा उगीचच कागदी वाटतो. २०१८ च्या अखेरीस ३० टक्क्यांचा टप्पा ओलांडल्याचे दूरसंचार नियामक आयोगाने जाहीर केले खरे. पण ही वाढ मुख्यतः मोबाइल इंटरनेटची होती आणि तोवर जॉन्सन यांना पद सोडून तीन वर्षे झाली होती.

ऑक्टोबर २०१३ मध्ये अबुजा येथे परवडणाऱ्या इंटरनेटसाठी आंतरराष्ट्रीय आघाडी सुरू झाली. तिच्या मानद अध्यक्षपदी जॉन्सन यांची निवड झाली. साध्या ब्रॉडबँड जोडणीचा खर्च मासिक उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून कमी असावा, हे संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाचे उद्दिष्ट या आघाडीने पुढे नेले. त्यांच्याच काळात लागोसमधील याबा व कॅलाबारजवळील टिनापा येथे तरुण सॉफ्टवेअर उद्योजकांसाठी सरकारी संवर्धन केंद्रे उघडली.

मंत्रिपदानंतर त्या टीएलकॉम कॅपिटल या आफ्रिकेतील नवउद्योगांत गुंतवणूक करणाऱ्या कंपनीत वरिष्ठ भागीदार झाल्या. ज्या खात्याच्या त्या पहिल्या मंत्री होत्या, ते नावे बदलत बदलत २०२३ मध्ये बोसुन टिजानी यांच्याकडे आले. टिजानी हे याबातच उभ्या राहिलेल्या को-क्रिएशन हब या नवउद्योग केंद्राचे सहसंस्थापक.