दुपारची वीज संध्याकाळी हवी आहे

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीच्या बाजूला गेलं की विजेच्या मनोऱ्यांची दाटी दिसते. महाराष्ट्राचं राज्य भार प्रेषण केंद्र याच परिसरात आहे. राज्याला या क्षणी किती वीज हवी आणि किती तयार होते आहे, याचा मेळ तिथे चोवीस तास घातला जातो. ग्रिडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, वारंवारता (प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं) ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते. मागणी वाढून निर्मिती कमी पडली की ती घसरते, उलट झालं की चढते. देश कार्बनपासून किती लवकर सुटेल हे यापुढे सौर पॅनेलांच्या संख्येपेक्षा या मेळावर जास्त ठरणार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सौर वीज आता महाग राहिलेली नाही. राजस्थानातल्या भाडला इथल्या प्रकल्पासाठी २०१७ च्या लिलावात युनिटला २ रुपये ४४ पैसे इतका दर लागला होता. २०२५ मध्ये तर देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू अशा) स्रोतांचा झाला, तोही देशाने या उद्दिष्टासाठी ठरवलेली २०३० ची मुदत पाच वर्षं शिल्लक असताना. तरीही प्रत्यक्ष तयार होणारी बहुतांश वीज कोळशाचीच आहे. कारण सौर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीने आपल्या क्षमतेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढीच वीज देतो, आणि घोडबंदर रोडवरच्या टॉवरांत लिफ्ट, एसी, टीव्ही एकदम सुरू होतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो.

मग संध्याकाळी लागणारे कोळशाचे संच दुपारी बंद का ठेवत नाहीत? गार झालेला बॉयलर पुन्हा तापवून वाफेचा दाब आणायला कित्येक तास जातात, आणि सतत तापण्या-निवण्याने नळ्यांचा, टर्बाइनचा धातू थकतो. म्हणून संच बंद न करता मंद चालवतात. पण त्यालाही मर्यादा आहे. क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत खाली येणं हा सध्याचा नियम आहे, तो टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. तोवर भर दुपारी कोळसा जळत राहतो आणि काही वेळा चक्क सौर वीज थांबवावी लागते. या क्षेत्रातली मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट हीच आहे.

यावरचा एक उपाय ठाणे जिल्ह्यातच उभा आहे. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचा वरचा जलाशय सह्याद्रीच्या माथ्यावर अहिल्यानगर जिल्ह्यात आहे आणि खालचा शहापूर तालुक्यात चोंढे इथे. मधली उंची चारशे मीटरच्या आसपास. वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचं, टंचाईच्या वेळी खाली सोडायचं. १२५ मेगावॅटचे दोन संच एका दिशेने फिरले की वीज देतात, उलट फिरले की पंप होतात. अशा प्रकल्पात चार युनिट खर्चून साधारण तीन परत मिळतात. पूर्वी रात्रीची उरलेली औष्णिक वीज वापरून पाणी चढवावं अशी कल्पना असे. आता त्या जागी दुपारचा सूर्य वापरता येतो. सह्याद्रीत अशा जागा बऱ्याच आहेत, मात्र त्या निवडताना घाटातली जंगलं बुडवता कामा नयेत.

साठवण बॅटरीतही होते. लिथियम-आयन बॅटरी पॅकच्या किमती २०१० पासून सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या आहेत. इथे सरकारने घाऊक खरेदीचं बळ वापरावं. एलईडी दिव्यांच्या बाबतीत ते आपण करून दाखवलं आहे: २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा दिवा दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला.

मागणीच दुपारकडे सरकवणं याहून स्वस्त. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी १६,००० मेगावॅटचं उद्दिष्ट आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांतला, म्हणजे दिवसा सौर वीज मिळते त्या वेळेतला, दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असायला हवा. सोसायटीच्या टाकीचा पंप संध्याकाळऐवजी दुपारी एकला लावणं हेही यातच आलं. गच्चीवर पॅनेल जरूर लावावीत. सामाईक वापरासाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदानही आहे. पण एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागतात, त्यामुळे तीस मजली टॉवरची गच्ची लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यापलीकडे फारशी पुरणार नाही.

विजेवरच्या गाड्यांबाबत तर नवी मुंबईला मोठी संधी आहे. आज बहुतेक जण घरी परतल्यावर, म्हणजे ऐन कोळशाच्या वेळी, गाडी चार्जिंगला लावतात. त्याच गाड्या ऐरोली, घणसोली, महापे इथल्या कंपन्यांच्या पार्किंगमध्ये दिवसभर, नेमक्या सौर तासांत, नुसत्या उभ्या असतात. तिथे महागडे जलद चार्जर लागतच नाहीत. ३.३ किलोवॅटचा साधा चार्जर आठ तासांत २६ युनिट देतो, आणि छोट्या गाडीला तेवढ्यात दीडशे किलोमीटर सहज जाता येतं.