आहार, व्यायाम आणि ब्रेस्ट कॅन्सरची रिस्क

आहार-व्यायामाने ब्रेस्ट कॅन्सरची रिस्क कमी करणं म्हणजे रोजचं खाणं, हालचाल, वजन आणि दारू या चार गोष्टी अशा सांभाळणं की पुढे जाऊन स्तनाचा कॅन्सर व्हायची शक्यता थोडी खाली येईल. "थोडी" हा शब्द मुद्दाम लिहिलाय, कारण फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजमधून नेमका तोच गायब असतो, तिथे सकाळी जवस खाल्लं की कॅन्सर पळालाच. २०२२ मध्ये जगात साधारण २३ लाख बायकांना हा आजार नव्याने झाला, त्यातल्या सुमारे १ लाख ९२ हजार भारतातल्या. पुरुषांनाही होतो, पण शंभर केसेसमागे एखादाच. वय, पाळी लवकर येणं नि उशिरा जाणं, आई-बहिणीला झालेला असणं, बीआरसीए जीनमधला दोष, हे काही आपल्या हातात नसतं. मात्र घराण्यातून आलेल्या जीनमुळे होणाऱ्या केसेस ५ ते १० टक्केच आहेत, त्यामुळे "आमच्यात कुणाला नाही, मला काय होतंय" हे लॉजिक चालत नाही.

सगळ्यात पक्का मुद्दा वजनाचा, आणि तोही पाळी गेल्यानंतरचा. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन मुख्यतः ओव्हरीत बनतं, पाळी गेली की ओव्हरी दुकान बंद करते आणि ते काम अंगावरच्या चरबीकडे जातं. चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते शरीरातल्या अँड्रोजेन नावाच्या हॉर्मोनचं इस्ट्रोजेन करतं, म्हणजे चरबी जितकी जास्त तितका हा कारखाना मोठा, आणि स्तनाच्या बऱ्याच गाठी याच इस्ट्रोजेनवर वाढतात. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या ज्या गोळ्या पेशंटला पुढे कित्येक वर्षं घ्यायला लावतात त्या हेच एन्झाइम बंद पाडायला असतात. भरीला पोटावरच्या चरबीने इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन वाढलं की रक्तातलं जे प्रोटीन इस्ट्रोजेनला धरून ठेवतं ते कमी होतं, मग मोकळं इस्ट्रोजेन आणखी फिरतं.

आकड्यात सांगायचं तर पाळी गेलेल्या बाईचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ५ ने वाढला की रिस्क सुमारे १२ टक्क्यांनी वाढते, असं वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाच्या २०१८ च्या रिपोर्टमध्ये आहे. ५ फूट १ इंच उंचीच्या बाईसाठी ५ बीएमआय म्हणजे जवळपास १२ किलो, लग्नातल्या फोटोपासून पन्नाशीपर्यंत सहज चढतात तेवढे. आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात आणि बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी म्हणतात. माप परकराची नाडी बांधतो तिथलं नाही घ्यायचं, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, आणि हो, श्वास न ओढता. यातली एक उलटी गोष्ट म्हणजे तरुणपणी अंगाने भरलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर उलट थोडा कमी दिसतो. म्हणून कुणी मुलींना वजन वाढवा असं सांगत नाही, पण सरसकट "जाड म्हणजे रिस्क" हेही बरोबर नाही, तिशीनंतर चढत गेलेलं वजन हा खरा वांधा आहे.

व्यायामाचं म्हणाल तर वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत नियमित हालचाल करणाऱ्या बायकांमध्ये रिस्क साधारण १० ते २० टक्के कमी दिसते. वजन उतरलं नाही तरी थोडा फायदा राहतोच. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये अल्फा नावाची ट्रायल झाली, त्यात पाळी गेलेल्या आणि फारशी हालचाल नसलेल्या ३२० बायका घेतल्या, निम्म्यांना वर्षभर आठवड्याला २२५ मिनिटं एरोबिक व्यायाम दिला, आणि त्यांच्या रक्तातलं इस्ट्रोजेन बाकीच्यांपेक्षा जास्त उतरलं. कॅन्सर किती जणींना झाला हे त्यात मोजलेलं नव्हतं, फक्त हॉर्मोन मोजले होते, हे लक्षात ठेवलेलं बरं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, किंवा दमवणारा असेल तर ७५ ते १५०. मध्यम कसा ओळखायचा, तर चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. संध्याकाळी बागेत चौघी मिळून भाजीच्या भावापासून कुणाच्या तरी सुनेपर्यंत सगळं उरकत ज्या स्पीडने चालतात तो यात बसत नाही (ते मनाला चांगलं आहे, त्याला नावं ठेवत नाही).

"मी दिवसभर उभीच असते, वेगळा व्यायाम कशाला" हे घरोघरी ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे, विहिरीचं पाणी शेंदणं, गोधडी हाताने धुणं, शेतात खुरपणं ही खरीच मेहनत आहे आणि ती मोजलीही जाते. पण ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटणं, मिक्सर लावणं, मशीनमधले कपडे वाळत घालणं यात पाय दुखतात, छाती भरून येत नाही. थकवा आणि व्यायाम यात फरक आहे, बायकांना पहिला भरपूर मिळतो.

खाण्याबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं आणि पुरावा सगळ्यात कच्चा तिथेच आहे. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये ५० ते ७९ वयाच्या ४८,८३५ बायका घेऊन एका गटाला तेल-तूप-चीज असं सगळं फॅट कमी करून भाज्या, फळं, धान्य वाढवायला सांगितलं, २००६ मध्ये रिझल्ट आला तेव्हा कॅन्सर ९ टक्के कमी दिसला पण तो योगायोगही असू शकेल इतपतच होता. पुढे जवळपास वीस वर्षांच्या पाठपुराव्यात ब्रेस्ट कॅन्सरने होणारे मृत्यू त्या गटात २१ टक्के कमी निघाले. स्पेनमधल्या प्रेडिमेड ट्रायलमध्ये ऑलिव्ह ऑइलवाल्या आहारात रिस्क चक्क ६८ टक्के कमी अशी बातमी २०१५ मध्ये गाजली, पण ४,२८२ बायकांत एकूण केसेसच ३५ होत्या, एवढ्या छोट्या आकड्यावर महागाचं तेल आणायला धावू नये.

फायबरचं मात्र बऱ्यापैकी जमतं. लिव्हर वापरलेलं इस्ट्रोजेन पित्तातून आतड्यात सोडतं, तिथून काही परत रक्तात शोषलं जातं, फायबर असेल तर त्यातलं काही बाहेर निघून जातं. त्यासाठी किनोआ वगैरे लागत नाही, ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर हे आधीच ताटात आहे, फक्त भाताचा डोंगर आणि भाजीची चिमूट हे उलटं करायचं. उपास हा आपल्याकडचा खास घोटाळा, साबुदाण्याच्या खिचडीत स्टार्च, दाण्याचं कूट आणि तूप, वर बटाट्याचा चिवडा, म्हणजे एकादशीला रोजच्यापेक्षा जास्तच कॅलरी जातात. आणि आईच्या वजनात तिच्या स्वतःच्या ताटाइतकाच पातेल्यात उरलेल्या "टाकायचं कशाला" या घासांचाही हात असतो.

सोयाबीनला उगाच घाबरतात, त्यातलं आयसोफ्लेव्होन इस्ट्रोजेनसारखं दिसतं म्हणून. पण चीन-जपानमध्ये लहानपणापासून सोया खाणाऱ्या बायकांत रिस्क वाढलेली नाही, उलट थोडी कमीच दिसते. हळद फोडणीत चांगलीच आहे, पण तिच्यातलं करक्यूमिन रक्तात फारच कमी पोहोचतं आणि माणसांत तिने ब्रेस्ट कॅन्सर टळतो असं सिद्ध झालेलं नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्यांचंही तेच.

दारूबद्दल बोलताना लोक एकदम गुळमुळीत होतात, खरं तर खाण्यापिण्यात सगळ्यात स्पष्ट पुरावा हिच्याचबद्दल आहे. २००२ मध्ये ५३ अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा की रोजच्या प्रत्येक १० ग्रॅम अल्कोहोलमागे रिस्क सुमारे ७ टक्के वाढते. आपल्याकडच्या ४२.८ टक्के व्हिस्की-रमचा ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे बरोब्बर तेवढे १० ग्रॅम, आणि वाईनचा १०० मिलीचा ग्लासही जवळपास तेवढाच. त्यामुळे नाशिकची रेड वाईन "हार्टसाठी चांगली" म्हणून घेणाऱ्यांनी हा हिशेबही धरावा. वाईन, बिअर, ब्रीझर, ब्रँड कुठलाही असो, काम अल्कोहोलच करतं. ब्रेस्टफीडिंगचा हिशेब त्याच वर्षी त्याच संशोधकांच्या गटाने मांडला, आयुष्यात अंगावर पाजलेल्या प्रत्येक १२ महिन्यांमागे रिस्क ४.३ टक्के कमी.

हे टक्के वाचताना गंमत होते. भारतात आयुष्यभरात साधारण २९ बायकांमागे एकीला हा आजार होतो, म्हणजे हजारात ३४. रिस्क १५ टक्के कमी झाली तर ३४ चे २९ होतील, हजारजणींतल्या पाचजणी वाचल्या, पण त्या पाच कोण हे कुणालाच सांगता येणार नाही. उरलेल्या २९ मध्ये रोज चालणारी, दारूला न शिवलेली, बारीक अंगाचीही असते, आणि तिला "तू काय खाल्लंस" असं विचारणं हा निव्वळ दुष्टपणा आहे.

महाराष्ट्रात शहर आणि गावातला फरक दोन रजिस्ट्रींमध्ये, म्हणजे कॅन्सरच्या केसेसची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणांमध्ये, दिसतो. मुंबईची कॅन्सर रजिस्ट्री १९६० च्या दशकातली आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची १९८७ पासूनची, भारतातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री. मुंबईत ब्रेस्ट कॅन्सरचं प्रमाण बार्शीपेक्षा बरंच जास्त आहे. मुंबईतल्या पारशी बायकांमध्ये ते आधीपासूनच जास्त होतं, त्याला उशिरा लग्न, कमी मुलं हीही कारणं आहेत. म्हणजे शहर-गाव फरकाचं सगळं बिल वडापाव आणि लिफ्टवर फाडता येत नाही.

गाठ लवकर सापडणं हा वेगळा विषय, डाएटने त्याची भरपाई होत नाही. टाटा मेमोरियलने मुंबईत १,५१,५३८ बायकांवर वीस वर्षं चालवलेल्या ट्रायलमध्ये ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, २०२१ मध्ये रिझल्ट आला तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्के कमी निघाले. टाटाचीच ८५० पेशंटवरची योगासनांची ट्रायल २०२२ मध्ये मांडली गेली, तीही बऱ्याचदा "योगाने ब्रेस्ट कॅन्सर टळतो" अशा हेडिंगखाली फॉरवर्ड होते, पण त्यातल्या सगळ्या बायकांना कॅन्सर आधीच झालेला होता आणि उपचारांसोबत योग केल्याने तो परत येण्याचं प्रमाण कमी होतं का, एवढंच त्यात बघितलं होतं.