डेव्हलपमेंट स्टडीजला परदेशात जायचंय? सोलापूरकरांसाठी स्कॉलरशिपचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

डेव्हलपमेंट स्टडीज म्हणजे गरिबी, विषमता, विकास ह्यांचा अभ्यास. गूगलवर "इंटरनॅशनल डेव्हलपमेंट फेलोशिप" टाकलं की सगळ्यात आधी अमेरिकेतल्या फेलोशिप येतात, त्यात डोनाल्ड पेन फेलोशिपचं नाव हमखास असतं. मागास, वंचित गटातल्या पोरांना मास्टर्सचा खर्च देऊन विकास क्षेत्रातल्या नोकरीसाठी तयार करायची अशी ती स्कीम, हॉवर्ड युनिव्हर्सिटी चालवायची. पण ती फक्त अमेरिकन नागरिकांसाठी होती आणि ज्या यूएसएडच्या (अमेरिकन सरकारची परदेशी मदतीची संस्था) जिवावर चालायची ती संस्थाच २०२५ मध्ये गुंडाळली, त्यामुळे तिकडं वेळ घालवू नका. आपल्यासाठी वेगळे रस्ते आहेत आणि ते काही कमी नाहीत.

पहिला रस्ता म्हणजे केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. जागा १२५, त्यातल्या ११५ अनुसूचित जातीसाठी, ६ भटक्या-विमुक्तांसाठी, ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी, आणि ३० टक्के जागा मुलींना. वय ३५ च्या आत, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, पदवीला किमान ६० टक्के. अनुसूचित जमातीसाठी आदिवासी मंत्रालयाची वेगळी स्कीम आहे, २० जागांची. भटक्या-विमुक्तांच्या पोरांनी एक गोष्ट आधी बघायची, राज्याच्या व्हीजेएनटी यादीत आपली जात आहे म्हणजे केंद्राच्या यादीत पण तशीच असेल असं नाही, काही जाती तिकडं ओबीसीत बसतात. सोलापुरातल्या सेटलमेंट भागातल्या (भटक्या-विमुक्तांची जुनी वस्ती) पोरांना हे जास्त लागू पडतं, म्हणून फॉर्म भरायच्या आधी दोन्ही याद्या समोर ठेवा.

आता खरी मेख ऐका. ह्या स्कॉलरशिपला कंडिशनल ऑफर, म्हणजे अटी घालून दिलेली ॲडमिशन चालत नाही, अनकंडिशनल, म्हणजे बिनअटीचं ऑफर लेटर हातात पाहिजे, युनिव्हर्सिटी क्यूएस रँकिंगच्या (जगातल्या युनिव्हर्सिटींची क्रमवारी) पहिल्या ५०० मध्ये पाहिजे, आणि मेरिट लिस्ट पण त्या रँकवरच लागते. डेव्हलपमेंट स्टडीजवाले इथं फसतात. ह्या विषयात ससेक्स युनिव्हर्सिटी कित्येक वर्षं जगात पहिली आहे, पण ती विषयाची रँकिंग झाली, सर्वसाधारण यादीत ती २०० च्या बाहेर आहे, लंडनची सोआस युनिव्हर्सिटी तर अजून खाली. म्हणजे विषयातल्या सगळ्यात भारी ठिकाणी ॲडमिशन घेऊन पण तुमचा नंबर एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) किंवा मँचेस्टरवाल्याच्या मागं. मँचेस्टरला विकास विषयाची चांगली इन्स्टिट्यूट आहे आणि सर्वसाधारण रँक पण वर आहे, म्हणून ह्या स्कीमसाठी माझ्या मते तीच जास्त शहाणपणाची निवड. आणि २०२२ मध्ये अजून एक अट आली, भारताची संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचा सामाजिक अभ्यास असला विषय चालणार नाही. मंगळवेढ्याच्या दुष्काळावर थिसिस करायचं डोक्यात असलं तरी कोर्स आणि एसओपी (का शिकायचंय ते सांगणारा अर्जातला निबंध) जागतिक विकासाचाच वाटला पाहिजे. ही अट मला अजिबात पटलेली नाही, पण अर्ज करताना आपलं मत कोण विचारतंय.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे, ७५ जागा, कारभार पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून. हिची रँकिंगची अट केंद्रापेक्षा कडक आहे आणि नियम मधेमधे बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची जाहिरातच वाचायची, मागच्या वर्षीच्या पीडीएफवर जाऊ नका. मराठा मुलांसाठी सारथी ह्या राज्य सरकारच्या संस्थेची, ओबीसी-व्हीजेएनटीसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची स्कीम वेगळी.

जातीचा दाखला न लागणाऱ्या स्कॉलरशिप पण आहेत आणि त्या आपली पोरं उगाच सोडून देतात. कॉमनवेल्थ शेअर्ड स्कॉलरशिप तर डेव्हलपमेंटसाठीच केल्यासारखी आहे, ब्रिटिश सरकारच्या पैशातून एक वर्षाचं मास्टर्स, अट अशी की स्वतःच्या खर्चानं ब्रिटनमध्ये शिकणं तुम्हाला परवडणारं नाही आणि तुमच्या शिक्षणाचा मायदेशातल्या विकासाला उपयोग काय ते लिहून पटवून द्यायचं. युरोपियन युनियनच्या इरॅस्मस मुंडस स्कीममध्ये ग्लोडेप नावाचा इंटरनॅशनल डेव्हलपमेंटचाच दोन वर्षांचा कोर्स आहे, चेक, फ्रान्स आणि इटलीतल्या युनिव्हर्सिटी मिळून चालवतात, इरॅस्मसची स्कॉलरशिप महिन्याला १४०० युरो. मुदत बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत संपते.

चेव्हनिंग ह्या ब्रिटिश सरकारच्या स्कॉलरशिपला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे २८०० तास. पार्टटाइम आणि बिनपगारी काम पण धरतात, पण हिशोब नीट करा. समजा तुम्ही एका संस्थेसाठी फक्त शनिवार-रविवार सांगोल्याच्या गावांत पाण्याचा सर्व्हे करताय, आठवड्याला १६ तास, तर २८०० व्हायला १७५ आठवडे लागतात, साडेतीन वर्षांच्या आसपास. तेच आठवड्याला ३५ तास काम केलं तर ८० आठवड्यांत होतंय. काम डिग्रीनंतरचंच मोजा म्हणजे नंतर वांधा नको, आणि संस्थेकडून तारखा-तास लिहिलेलं लेटरहेडवरचं पत्र तेव्हाच्या तेव्हा घ्या, सर बदलून गेले की कोण सही करणार. मास्टर्स झाल्यावर दोन वर्षं भारतात परत यायचं, ही अट पण आहे.

कागदपत्रांत जातीचा दाखला, जात पडताळणी, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट (युनिव्हर्सिटीनं दिलेला सगळ्या विषय-मार्कांचा अधिकृत उतारा), पासपोर्ट. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल, मग आपले सरकार किंवा सेतूमधून तहसीलचा. आई विड्या वळते आणि वडील यंत्रमागावर, अशा घरात नोकरदारांसारखा पगाराचा फॉर्म सोळा नसतो, म्हणून हा दाखला लवकर काढून ठेवा. मराठीतल्या दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून. ट्रान्सक्रिप्टसाठी केगावला सोलापूर युनिव्हर्सिटीत अर्ज, आणि तो शेवटच्या आठवड्यात करू नका, हे हात जोडून सांगतोय.

नावाचा घोळ सगळ्यात त्रासदायक. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आधारवर उलटं, पासपोर्टवर मधलं नावच गायब, आणि एका ठिकाणी "शिंदे"चं स्पेलिंग वेगळं. बाहेरची युनिव्हर्सिटी हे बघून तीन वेगळी माणसं समजते. स्पेलिंगचा फरक असेल तर ॲफिडेव्हिट करा, नावच वेगळं असेल तर राजपत्रात बदल करून घ्या, आणि पासपोर्ट काढायच्या आधीच हे मिटवा.

शिफारसपत्राबद्दल एकच सांगतो. आपल्याकडं सर कॅरेक्टर सर्टिफिकेटच लिहून देतात, "विद्यार्थी हुशार, आज्ञाधारक, वर्तन चांगले." त्याचा तिकडं काडीचा उपयोग नाही. सरांना तुमचा प्रोजेक्ट, त्यातला तुमचा वाटा आणि आकडे एका कागदावर लिहून द्या. आणि पत्र कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून गेलेलं बरं, जीमेलवरचं बऱ्याच युनिव्हर्सिटी घेत नाहीत, म्हणून तो ईमेल चालू आहे का ते आधीच विचारा, कित्येक ठिकाणी पासवर्ड कुणालाच माहीत नसतो.

वेळापत्रक असं धरा. जून-जुलैत आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा, स्कोअर दोन वर्षं चालतो. ऑगस्टपासून चेव्हनिंगचा फॉर्म बघत राहायचं, सप्टेंबर ते डिसेंबर युनिव्हर्सिटीचे अर्ज आणि त्याच सुमारास कॉमनवेल्थ, ऑफर आली की अनकंडिशनल करून घ्यायच्या मागं लागायचं, कारण नॅशनल ओव्हरसीजचं पोर्टल साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडतं. निवड झाली की बाँड आणि जामीनदार लागतात, तेव्हा काका-मामांशी हे आधीच बोलून ठेवा, ऐनवेळी सगळे "बघू की" म्हणतात. ब्रिटनला जाणार असाल तर व्हिसाच्या आधी मान्यताप्राप्त क्लिनिकमध्ये टीबीची टेस्ट पण करावी लागते, ती घराजवळच्या लॅबमधली चालत नाही.