नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र

सूर्य, वारा, जैवभार इ. स्रोतांपासून निर्माण केलेल्या विजेचा ‘हरित’ गुण प्रत्यक्ष विजेपासून अलग करून विकण्याचे साधन. व्यवहारात ‘आरईसी’ हेच नाव रूढ. एक प्रमाणपत्र एका मेगावॅट-तासाचे, म्हणजे वीजबिलातील १,००० युनिटांचे असते.

उगमाविषयी एकमत नाही. काहींच्या मते नेदरलँड्समधील वीज कंपन्यांनी १९९८ च्या सुमारास स्वेच्छेने चालविलेली हरित-चिन्ह पद्धती हा आरंभ होय; इतर अभ्यासक अमेरिकेकडे बोट दाखवितात. टेक्ससच्या १९९९ च्या कायद्याने खरेदीची सक्ती व प्रमाणपत्रांचा व्यापार यांची सांगड घातली. भारतीय पद्धतीचे साम्य या दुसऱ्या नमुन्याशी अधिक आहे.

भारतातील प्रारंभाचे वर्षही निरनिराळे दिले जाते : केंद्रीय वीज नियामक आयोगाचे विनियम जानेवारी २०१० चे, औपचारिक उद्‌घाटन नोव्हेंबर २०१० मधील, तर प्रत्यक्ष सौदे मार्च २०११ पासूनचे. येथे २०१० ग्राह्य धरले आहे. मागणीचा पाया वीज अधिनियम, २००३ च्या कलम ८६(१)(ई) मध्ये, म्हणजे विजेचा ठराविक वाटा नवीकरणीय स्रोतांतून घेण्याच्या सक्तीत असून, स्वतःच्या वापरासाठी वीज निर्माण करणाऱ्या उद्योगांनाही हे खरेदीबंधन लागू होते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. आरंभी सौर प्रमाणपत्राची किमान किंमत १२,००० व कमाल १७,००० रुपये होती. सौरेतर प्रमाणपत्राची १,५०० व ३,९००. सौर उपकरणे स्वस्त होत गेली तशी ही चौकट कोसळली. जुलै २०२० ते नोव्हेंबर २०२१ या काळात तर न्यायालयीन वादामुळे व्यापारच ठप्प होता. २०२२ च्या विनियमांनी किंमतमर्यादा काढल्या, विक्री होईपर्यंत प्रमाणपत्र वैध ठेवले आणि गुणक (एका मेगावॅट-तासामागे किती प्रमाणपत्रे, ते प्रमाण) आणले : पवन व सौर १, जलविद्युत् १.५, नागरी घनकचरा २, जैवभार २.५.

कंपन्यांच्या अहवालांत या कागदाचे वजन किती, हा खरा वादविषय. सेबीने मे २०२१ मध्ये ‘व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल’ विहित केला. आघाडीच्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना तो २०२२-२३ पासून अनिवार्य आहे. उत्सर्जनमापनाच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने खरेदी केलेल्या विजेसाठी स्थानाधारित (जालाच्या सरासरीवरून) व बाजाराधारित (खरेदी-करार व प्रमाणपत्रांवरून) असे दोन आकडे मान्य केले. समजा, बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील कारखाना महिन्याला ५ लाख युनिटे जाळतो. राष्ट्रीय वीजजालाच्या कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जनाची सरासरी दर मेगावॅट-तासाला सुमारे ०.७ टन धरली, तर स्थानाधारित उत्सर्जन ३५० टनांच्या आसपास येते. कारखान्याने ५०० प्रमाणपत्रे घेतली की बाजाराधारित आकडा शून्य होतो. तारांतून आलेली वीज मात्र तीच. प्रमाणपत्रामुळे नवा प्रकल्प उभा राहतोच असे नाही, ही टीकाकारांची हरकत बिनतोड वाटते. दोन्ही आकडे शेजारी छापणे त्यातल्या त्यात प्रामाणिक.

पवनचक्की कच्छ-सौराष्ट्रात आणि कारखाना बडोद्यात, अशी मांडणी असल्यास एक तरतूद ध्यानात घ्यावी लागते : पारेषण वा वहन आकारात (वीज वाहून नेण्याच्या शुल्कात) सवलत घेतलेली निर्मिती २०२२ च्या विनियमांनुसार प्रमाणपत्रास पात्र नाही.